अडीच न वाजलेली रात्र

गेली वीस वर्षं मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर लिहिते आहे. पेशंटनं कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या डॉक्टरकडे यायचं एवढं लक्षात ठेवणं हे त्या सॉफ्टवेअरचं काम. ऐकणाऱ्याला ते सोपं वाटतं. पण अमेरिका वर्षातून दोनदा घड्याळाचे काटे हलवते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे. याला डेलाइट सेव्हिंग टाइम म्हणतात, आमच्या टीममध्ये नुसतं डीएसटी. नोकरीत माझ्या हातून ज्या मोठ्या चुका झाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा या दोन रविवारांच्या आसपासच्या आहेत.

१. पुढची वेळ नुसती यूटीसीत ठेवून भागत नाही

सुरुवात २००७ पासून करते, कारण माझी स्वतःचीही सुरुवात तिथलीच आहे.

यूटीसी म्हणजे जगभरच्या घड्याळांसाठी धरलेली एकच सामायिक वेळ. भारत तिच्या साडेपाच तास पुढे, न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे आणि उन्हाळ्यात चार तास मागे. या फरकाला ऑफसेट म्हणतात. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच मंत्र दिला जायचा: सगळं यूटीसीत साठवा, दाखवताना स्थानिक वेळ करा. मीही तो मनापासून पाळला.

अमेरिकेनं २००५ च्या ऊर्जा कायद्यात डीएसटीचा काळ वाढवला आणि तो बदल २००७ पासून लागू झाला. आधी घड्याळं एप्रिलच्या पहिल्या रविवारी पुढे जायची, आता मार्चच्या दुसऱ्या रविवारी. म्हणजे त्या वर्षी १ एप्रिलऐवजी ११ मार्च. मधले तीन आठवडे हिवाळ्याच्या वेळेतून उन्हाळ्याच्या वेळेत गेले.

जानेवारीत एखाद्या पेशंटनं १२ मार्चची सकाळी नऊची वेळ घेतली असेल, तर आमच्या प्रोग्रामनं जुन्या नियमानं पाच तास मिळवून १४:०० यूटीसी लिहून ठेवलं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही सर्व्हरवर नवा नियम टाकला. आता दाखवताना १४:०० मधून चारच तास वजा व्हायला लागले, आणि नऊची अपॉइंटमेंट दहाची दिसू लागली. डेटाबेसमधलं एक अक्षरही बदललं नव्हतं. पेशंटच्या हातातल्या कार्डावर नऊ, डॉक्टरांच्या स्क्रीनवर दहा.

सोमवारी, १२ मार्चला, संध्याकाळी पावणेसातला आमच्या डेस्कवरचा फोन वाजला. तिकडे सव्वानऊ झाले होते. रिसेप्शनिस्ट बाई सांगत होत्या की चार पेशंट येऊन बसलेत आणि त्यांतलं एकही नाव स्क्रीनवर नाही. एक आजी उपाशीपोटी रक्त द्यायला आल्या होत्या, त्यांना चक्कर यायला लागली होती.

घाईत आम्ही आणखी मोठी चूक केली. त्या तीन आठवड्यांतल्या सगळ्या अपॉइंटमेंट सरसकट एक तास मागे घेणारी स्क्रिप्ट चालवली. पण नवा नियम टाकल्यानंतर घेतलेल्या वेळा बरोबर होत्या, त्याही मागे गेल्या. शिवाय सगळ्या सर्व्हरवर नियम एकाच दिवशी पडला नव्हता, त्यामुळे कोणती नोंद कोणत्या हिशेबानं झाली हे ओळखायची सोय नव्हती. शेवटी त्या बाईंनी स्वतःसाठी पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं रजिस्टर काढलं. दोन रात्री त्या फोनवर वाचत गेल्या आणि मी एकेक ओळ दुरुस्त करत गेले. रजिस्टरमध्ये फक्त 'नऊ' लिहिलं होतं. ऑफसेट नाही, यूटीसी नाही. जे पेशंटला सांगितलं, तेच.

त्या वर्षी हे जगभर झालं. आउटलुकची कॅलेंडरं दुरुस्त करायला मायक्रोसॉफ्टला वेगळं टूल काढावं लागलं होतं.

आता आम्ही माणसानं जे सांगितलं ते आधी साठवतो: तारीख, नऊ वाजता, न्यूयॉर्कच्या घड्याळानं. यूटीसी शेजारच्या रकान्यात असतं, पण ते काढलेलं उत्तर आहे, आणि नियम बदलला की ते पुन्हा काढायचं. घडून गेलेल्या गोष्टींना मात्र यूटीसी अगदी योग्य. पेशंट प्रत्यक्ष कधी आला, नोंद कोणी कधी बदलली, हे आता बदलणार नसतं. पुढची वेळ हा दिलेला शब्द असतो, आणि तो शब्द माणसाच्या घड्याळात दिलेला असतो.

२. एका रात्री अडीच वाजत नाहीत, एका रात्री दीड दोनदा वाजतो

मार्चच्या त्या रात्री १:५९ नंतर घड्याळ थेट ३:०० दाखवतं. अडीच वाजतच नाहीत. नोव्हेंबरमध्ये १:५९ नंतर पुन्हा १:०० होतात, म्हणून दीड दोनदा वाजतो.

रात्री अडीचला औषधाची आठवण लावलेली असेल, तर त्या रात्री काय करायचं? कॅलेंडरांची आपसातली भाषा आयकॅलेंडर या मानकात, म्हणजे आरएफसी ५५४५ मध्ये ठरलेली आहे. त्यात एकाच प्रश्नाची दोन उत्तरं सापडतात. एकदाच होणारी गोष्ट अडीचची असेल, तर उडीच्या आधीचा ऑफसेट धरायचा, म्हणजे ती साडेतीनला होते. पण रोज होणाऱ्या मालिकेतली एक वेळ जर त्या नसलेल्या अडीचवर पडली, तर ती गाळायची, मोजायचीसुद्धा नाही. मीटिंगसाठी हे चालेल. औषधासाठी नाही. आम्ही मानक बाजूला ठेवून ठरवलं, की औषधाची आठवण कधीही गाळायची नाही. आणि नोव्हेंबरमध्ये ती पहिल्या दीडलाच वाजेल, दुसऱ्या दीडला गप्प राहील. नाहीतर झोपेतला माणूस दुसरी गोळी घेईल.

याच कामात आणखी एक फरक उमगला. 'रोज रात्री नऊ वाजता' आणि 'दर सहा तासांनी' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली भिंतीवरच्या घड्याळावर चालते, दुसरी मधे गेलेल्या वेळावर. डीएसटी नसलेल्या देशात वाढलेल्या माझ्यासारखीला हा फरक आयुष्यात कधी जाणवलाच नव्हता. आपल्याकडे दोन्ही एकच उत्तर देतात. आता नवं फीचर आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते: हे घड्याळावर की अंतरावर?

इमर्जन्सी विभागाच्या नोंदींत नोव्हेंबरमध्ये एकदा पेशंट १:५० ला आला आणि १:१० ला घरी गेला, असं दिसत होतं. मुक्काम उणे चाळीस मिनिटं. रिपोर्ट तिथंच कोसळला. स्थानिक वेळेवर क्रम लावू नये, हे त्या दिवसापासून आमच्या टीममध्ये कोणाला सांगावं लागलेलं नाही.

३. उद्या म्हणजे ८६,४०० सेकंदांनंतर नव्हे

मार्चचा तो रविवार २३ तासांचा असतो, नोव्हेंबरचा २५ तासांचा. आठवड्याची मीटिंग पुढे न्यायला सात गुणिले चोवीस तास मिळवले, की मार्चनंतर नऊची मीटिंग दहाला जाते. रात्री अकरा ते सकाळी सातची नर्सची पाळी मार्चमध्ये सात तासांची आणि नोव्हेंबरमध्ये नऊ तासांची होते. पगाराचा हिशेब त्यावर असतो, म्हणून ही चूक कोणाच्या तरी खिशातून जाते. तारखेत दिवस मिळवा, सेकंद नको.

४. मध्यरात्रसुद्धा गायब होऊ शकते

अमेरिकेची उडी रात्री दोनला असते, म्हणून मध्यरात्र सुरक्षित आहे असं मी धरून चालले होते. मग ब्राझीलचं काम आलं. तिथं घड्याळ बरोबर मध्यरात्रीच पुढे जायचं. साओ पावलोत ४ नोव्हेंबर २०१८ या दिवशी ००:०० वाजलेच नाहीत, दिवस एक वाजताच सुरू झाला. आमचं कॅलेंडर प्रत्येक तारखेला तिच्या मध्यरात्रीनं ओळखत होतं. ती मध्यरात्र सापडेना, म्हणून प्रोग्राम मागे सरकून आदल्या रात्रीच्या अकरावर गेला. पडद्यावर शनिवार दोनदा आला आणि रविवार नाहीसा झाला. ब्राझीलनं २०१९ मध्ये डीएसटी बंद केलं, पण तिथल्या जुन्या तारखा दाखवायच्या असतात तेव्हा ती उडी अजून वाटेत येते.

वाढदिवस, सुट्टी, उपवास यांना वेळ नसते, नुसती तारीख असते. तिला उगीच मध्यरात्र चिकटवू नये. हा बग भेटायला डीएसटीही लागत नाही. आपल्याकडच्या फॉर्ममध्ये ५ जूनची जन्मतारीख मध्यरात्र म्हणून घेतली आणि यूटीसीत नेली, की ४ जूनचे संध्याकाळचे साडेसहा होतात. पुढच्या प्रोग्रामनं वेळ कापून नुसती तारीख ठेवली, की माणूस एक दिवस आधी जन्मतो.

५. तीन अक्षरांवर विसंबू नये

जुलै महिन्यात क्लायंटची मेल येते: '९ ईएसटीला बोलू.' ईएसटी ही हिवाळ्याची वेळ. जुलैत न्यूयॉर्कला ईडीटी चालू असतं. अक्षरशः घेतलं तर आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, लिहिणाऱ्याच्या मनात असतात साडेसहा. माणूस ओळखीचा असला तर आपण समजून घेतो, प्रोग्रामला ते जमत नाही. आणि आयएसटी म्हणजे आपल्याला एकच वेळ वाटते, पण इस्रायल आणि आयर्लंडसुद्धा तीच तीन अक्षरं वापरतात.

म्हणून नाव गावाचं घ्यायचं: अमेरिका/न्यूयॉर्क, एशिया/कोलकाता. गावाच्या नावात तिथल्या घड्याळाचा सगळा इतिहास येतो. ऑफसेटचा आकडा नुसता आजचा असतो. ॲरिझोनात डीएसटी नाही, पण तिथल्याच नवाहो नेशनमध्ये आहे. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावर उडी तासाची नसून अर्ध्या तासाची असते. हे कुठल्या आकड्यात मावणार?

तो इतिहास मला एकदा फार विचित्र वेशात भेटला. पायथॉनमध्ये पायटीझेड नावाची लायब्ररी आहे. तिच्यातला कोलकात्याचा झोन चुकीच्या पद्धतीनं वेळेला जोडला, की ऑफसेट साडेपाच तास न येता पाच तास त्रेपन्न मिनिटं येतो. आमची दहाची मीटिंग ९:३७ ला दिसत होती. तेवीस मिनिटांचं डीएसटी कुठं असतं, म्हणून मी दोन दिवस शोधत राहिले. ती कोलकात्याची जुनी सूर्यावरची वेळ निघाली. लायब्ररी त्या गावाच्या इतिहासातली सगळ्यांत पहिली नोंद उचलत होती.

त्या निमित्तानं आपल्याकडची जुनी घड्याळं वाचली. १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ आली, पण मुंबईनं आपला 'बॉम्बे टाइम' सोडला नाही. तो प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटं मागे असायचा. पुढची कित्येक दशकं मुंबई महापालिकेची घड्याळं तीच वेळ दाखवत होती. स्टेशनवर एक वेळ आणि बाहेर दुसरी, अशा शहरात लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या भेटी ठरवल्या आणि पाळल्या.

आणि भारतातही घड्याळं पुढे गेली होती. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ एवढा काळ आपण यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होतो. आईच्या थोरल्या मामांचा जन्म १९४४ चा. घरात त्यांची कॉम्प्युटरवर काढलेली पत्रिका आणि जुन्या गुरुजींनी हातानं मांडलेली पत्रिका यांचं लग्न, म्हणजे जन्मवेळी उगवणारी रास, जुळत नव्हतं. गुरुजींनी युद्धकाळातला एक तास वजा केला होता, सॉफ्टवेअरनं केला नव्हता. लग्न साधारण दोन तासांनी बदलतं, तेव्हा एका तासानं पुष्कळ होतं. पत्रिकेवर माझा विश्वास नाही. पण गुरुजींच्या हिशेबावर बसला. डीएसटीचा बग ज्यानं न चुकता टाळला, असा मला भेटलेला पहिला माणूस तोच, आणि तोही कागदावर.

६. नियम कोणत्याही शुक्रवारी बदलू शकतो

मोरोक्कोनं ऑक्टोबर २०१८ मध्ये घड्याळं मागे नेण्याच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, ठरवलं की न्यायची नाहीत. आता तिथं वर्षभर पुढचीच वेळ असते, फक्त रमजानात तासभर मागे. तुर्कस्ताननं २०१५ मध्ये निवडणुकीसाठी बदल दोन आठवडे लांबवला, आणि पुष्कळांचे फोन जुन्या नियमानं आपोआप मागे गेले. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारनं ऐनवेळी बदल रमजान संपेपर्यंत पुढे ढकलला. काही संस्थांनी ते मानलं, काहींनी नाही, आणि काही दिवस एकाच देशात दोन वेळा चालल्या. शेवटी सरकारनं निर्णय मागे घेतला.

हे सगळे बदल टिपणारी एक यादी आहे, टीझेड डेटाबेस. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती सुरू केली आणि पॉल एगर्ट अनेक वर्षं ती सांभाळत आहेत. जवळजवळ प्रत्येक फोन, सर्व्हर, ब्राउझर तीच वापरतो. कोणत्या देशानं कोणत्या साली काटे हलवले, हे जगभरातले स्वयंसेवक सरकारी राजपत्रं आणि जुनी वर्तमानपत्रं चाळून त्यात भरतात. माझं सगळं करिअर या लोकांच्या श्रमावर उभं आहे, आणि मी ते नव्या मुलांना आवर्जून सांगते.

पण यादी नवी झाली म्हणून आपल्याकडची प्रत नवी होत नाही. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एक प्रत, जावामध्ये दुसरी, डेटाबेसमध्ये तिसरी, पेशंटच्या फोनमध्ये चौथी. एकदा आमच्या सर्व्हरवरची प्रत ताजी आणि आठवणीचे मेसेज पाठवणाऱ्या भागातली प्रत दीड वर्ष जुनी होती. ॲपमध्ये एक वेळ, मेसेजमध्ये दुसरी. आता प्रत्येक काढलेल्या यूटीसीशेजारी आम्ही यादीची आवृत्तीही लिहून ठेवतो.

७. जानेवारीत लंडन फसवतं

हिवाळ्यात लंडनची वेळ आणि यूटीसी एकच असतात. कोडमध्ये कुणी रूपांतर करायचंच विसरलं, तरी जानेवारीतली प्रत्येक टेस्ट हिरवी दिसते. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते उघडं पडतं. आजच्या तारखेवर चालणारी टेस्ट मी आता टेस्ट धरत नाही.

८. मीटिंग कुणाच्या घड्याळानं चालते, हे आधी विचारावं

हा धडा मला उशिरा कळला, कारण यात प्रोग्राम कुठेच चुकत नाही.

आवर्ती मीटिंग बहुधा ज्यानं बोलावली त्याच्या झोनला बांधलेली असते. न्यूयॉर्कच्या मॅनेजरनं रोज सकाळी नऊची वेळ ठेवली, की उन्हाळाभर पुण्यात ती संध्याकाळी साडेसहाला असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर ती साडेसातला जाते. मॅनेजरच्या कॅलेंडरवर काहीच हललेलं नसतं. त्याला कळायला मार्गच नसतो.

आमच्या टीममध्ये एक मुलगी होती. तिचं बाळ पाळणाघरात असायचं आणि पाळणाघर साडेसातला बंद व्हायचं. साडेसहाचा कॉल ती ऑफिसातच घ्यायची, सातला निघायची, वेळेत पोचायची. नोव्हेंबरमध्ये कॉल बरोबर पाळणाघर बंद होण्याच्या वेळेवर आला. पंधरा दिवस ती कानात हेडफोन घालून, बाळ कडेवर घेऊन, रिक्षातून कॉल घेत होती. कोणाला काही बोलली नाही. मला एकदा मागून हॉर्न ऐकू आला म्हणून विचारलं, तेव्हा म्हणाली, "ताई, मीटिंग त्यांची आहे ना, मग वेळ पण त्यांचीच."

त्यात लंडनचीही माणसं असली की आणखी गुंता. युरोप घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतो, अमेरिका वेगळ्या. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा न्यूयॉर्क आणि लंडनमधलं अंतर पाचाऐवजी चार तासांचं होतं. तेवढ्या दिवसांत प्रत्येकाचा दुसऱ्याच कोणत्या तरी मीटिंगशी खटका उडतो.

मी आमच्या कॅलेंडरमध्ये एक छोटी सूचना घालून घेतली. बदलाच्या तीन आठवडे आधी ती बोलावणाऱ्याला दिसते: '३ नोव्हेंबरपासून ही मीटिंग पुण्यातल्या चार जणांसाठी साडेसातला जाईल.' खाली दोन बटणं, तशीच ठेवा आणि वेळ बदला. त्यासाठी मला तीन वर्षं भांडावं लागलं. बग नाही तर दुरुस्त काय करायचं, असं मला सांगितलं जायचं. सूचना सुरू झाल्यावर पहिल्याच शरदात अनेकांनी मीटिंग तासभर अलीकडे घेतली. त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

९. त्या दिवशी जागेवर बसावं

न्यूयॉर्कचे रात्रीचे दोन म्हणजे मार्चच्या त्या रविवारी पुण्यात दुपारचे साडेबारा. घरात कुकरच्या शिट्ट्या होत असतात, आणि मी डायनिंग टेबलच्या कोपऱ्यावर लॅपटॉप उघडून बसलेली असते. साडेबाराला पूर्व किनारा उडी मारतो, दीडला शिकागो, अडीचला डेन्व्हर, साडेतीनला लॉस एंजेलिस. प्रत्येक उडीनंतर मी सोमवारच्या पहिल्या पन्नास अपॉइंटमेंट काढते आणि पेशंटला पाठवलेल्या मेसेजशी एकेक ताडून बघते. मुलगी लहान होती तेव्हा विचारायची, आई, तिकडे अडीच वाजले का? आता मोठी झाली आहे, ती माझं ताट झाकून ठेवते.

साडेतीननंतर मी जेवते. मग फोनमध्ये महिनाअखेरच्या रविवारचा सकाळी सहाचा गजर लावते. युरोपातली घड्याळं साडेसहाला, सगळी एकदमच बदलतात.